आमच्या धोंड्याचा पॉइंट झाला

पॉइंट हा शब्द कोणी माझ्यासमोर उच्चारला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तालुक्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्या बाईनं एका साध्या इंग्रजी शब्दावर असा डूख धरणं शोभत नाही, हे मला कळतं. शोभत नाही तर नाही.

एकदा आठवीच्या वर्गात या शब्दाचे अर्थ विचारायची वेळ माझ्यावर आलीच. धड्यातच होता मेला. मुलांनी पटापट सांगितले. टोक, बिंदू, मुद्दा. कबड्डीत मिळतो तो गुण. साडेतीन आकड्यांत लिहिताना तीन आणि पाचाच्या मध्ये बसतो तो ठिपका. कोणी म्हणालं, वायरमन घरात काढून देतो आणि आपण त्याला पंखा लावतो, तो. एका मुलीनं नुसतं बोट माझ्यावर रोखलं, तेही बरोबरच होतं. शब्दकोश उघडला तर आणखी निघाले: अणी, क्षण, स्थळ, हेतू, तात्पर्य, उपयोग. फळा भरत आला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, सनसेट पॉइंट ऱ्हवलो!" सगळा वर्ग हसला. मी खडू ठेवला आणि पुढचा धडा काढायला सांगितला.

ती मुलं ज्याला सनसेट पॉइंट म्हणत होती, ती माझ्या बापाची जागा होती.

आमचं गाव मालवणच्या उत्तरेला. वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, खाली माडांची वाडी आणि वाळू. सड्याचं एक नाक समुद्रात पुढे गेलंय, त्या नाकावर वरून सपाट असा काळा कातळ आहे. त्याचं नाव नजरेचो धोंडो. हे नाव का, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गावाची रापण होती. लांबलचक जाळं होडीत भरायचं, त्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात द्यायचा, होडीनं अर्धगोल मारत जाळं पाण्यात सोडत यायचं आणि दुसरा दोर पुन्हा किनाऱ्याला आणून द्यायचा. मग बाया-बापये सगळ्यांनी मिळून दोन्ही दोर ओढायचे. पण होडीतल्या माणसाला माशांचा थवा कुठे आहे ते दिसत नाही. ते उंचावरून दिसतं. म्हणून धोंड्यावर एक माणूस नजर ठेवून असायचा. आमच्या घराकडे ते काम होतं. आजोबांनंतर बाबा.

बाबांच्या हातात एक फडकं असायचं. ते उजवीकडे हललं की होडीनं उत्तरेला जायचं, डावीकडे हललं की दक्षिणेला, आणि डोक्यावर गरगर फिरलं की जाळं सोडायचं. बोलणं नाही, शिट्टी नाही. होडीतून बाबांचं तोंडही ओळखू यायचं नाही, दिसायची ती फक्त उभी आकृती आणि फडकं. म्हणून गावात एक रीत होती. होडी पाण्यात असेपर्यंत धोंड्यावर बाबांखेरीज कोणी उभं राहायचं नाही. गेलात तर बसायचं. सरपंच आला तरी बसायचा. आमच्या आत्याच्या लग्नाचं वऱ्हाड नेमकं तेव्हा सड्यावरून चाललं होतं, तर नवरदेवासकट सगळे धोंड्याच्या मागून कमरेत वाकून गेले. व्याही मंडळी त्यावरून वर्षभर रुसली होती. रुसू देत. पण धोंड्यावर उभा राहील तो नजरेचाच माणूस, ही खात्री गावानं अशी जपली होती.

या सगळ्यावर पाणी ओतलं ते माझ्या सख्ख्या चुलत्यानं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून आमच्या घरात आजही हे कोणी मोठ्यानं बोलत नाही. मी बोलते.

काका ओरोसला सरकारी कचेरीत होता. तिथे सिंधुदुर्गनगरीतल्या क्वार्टरमध्ये राहून त्यानं दोन गोष्टी उचलल्या, गरजेपुरती शुद्ध मराठी आणि पॉइंट हा शब्द. गावी आला की ओटीवर पाय पसरून बसायचा आणि प्रत्येक वाक्याला पॉइंट लावायचा. "मेन पॉइंट काय आसा, सांगतंय." "ह्यो तुमचो वीक पॉइंट." "पॉइंटाचा बोल रे." माझी आई आतून विचारायची, "भावोजी, च्या घेतलास मा?" त्यावरही तो म्हणायचा, "पॉइंट तो नाय गो वयनी." शब्दाला एवढे अर्थ असताना याच्या तोंडी तो कुठल्याच अर्थानं यायचा नाही. चार माणसांत आपण वरचे आहोत एवढंच त्याला त्यातून सांगायचं असायचं.

मग गावोगाव पर्यटनाचं वारं आलं. तारकर्लीत माडाच्या बागांतून खोल्या उठल्या, तिथे माणसं गाड्या घेऊन येऊ लागली. काकानं मुदतीआधी नोकरी सोडली आणि परड्यात चिऱ्याच्या तीन खोल्या बांधल्या. त्याच पावसाळ्यात तो आम्हा सगळ्यांना आंबोलीला घेऊन गेला. ते लाड नव्हते, आमचं शिक्षण होतं. घाटात धुकं असं की पुढच्या एसटीचा मागचा दिवा दिसत नव्हता. तरी दर वळणावर गाड्या थांबलेल्या, कणसं भाजणारे बसलेले, आणि माणसं कठड्याला टेकून पांढऱ्या धुक्याकडे बघत उभी. काका बाबांना म्हणाला, "बघितलंस? कायव दिसणा नाय, तरी लोक थांबतत. कित्याक? पॉइंट आसा म्हणान." बाबा कणीस खात होते. त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा काकानं सोयीचा अर्थ घेतला.

दिवाळीनंतर एक दिवस सड्यावर निळा पत्र्याचा फळा उभा राहिला. पिवळी अक्षरं, खाली बाण. सनसेट पॉइंट. बाबांनी तो पाहिला आणि घरी येऊन भावाला एवढंच म्हणाले, "धोंड्याक नाव आसा."

"आसा मरे. पण तां भायरच्या लोकांका कळता काय?"

मी मध्ये पडले. "काका, सूर्य काय फकत थंयच बुडता? तुज्या खोल्यांच्या दारातसून दिसता तो."

"तुका नाय कळाचा गो बाय. बघूक जागा लागता, आणि जागेक नाव लागता."

नाव होतं. कितीतरी जुनं, कामाचं नाव होतं. पण त्या नावात बाहेरच्या माणसाला करण्यासारखं काही नव्हतं. पॉइंटमध्ये होतं. पॉइंटवर यायचं, उभं राहायचं, फोटो काढायचा, जायचं. शब्दकोशात मी हा अर्थ पुष्कळ शोधला. मिळाला नाही, तरी सगळ्यात जास्त चालतो तो हाच.

लोक येऊ लागले. सुट्टीच्या दिवसांत तर जत्राच. बाबा सगळ्यांना सांगायचे, त्यांच्या त्या अडखळत्या शाळेतल्या मराठीत, "जरा बसून घ्या, होडी पाण्यात आहे." काही बसायचे. काहींना वाटायचं, म्हाताऱ्याला दरीची भीती वाटते. एक बाई मला म्हणाल्या, "तुमचे वडील का हो? किती काळजी करतात!" मी रीत समजावून सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, "हाऊ इंटरेस्टिंग" म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या. दुसऱ्या एका गृहस्थानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "काका, पॉइंट सगळ्यांचा असतो." त्या हाताचा मला अजून राग आहे.

बाबा काकाकडे गेले. म्हणाले, होडी पाण्यात जाते तेवढा वेळ माणसं वर पाठवू नकोस. काका म्हणाला, बघू. बघू म्हणजे काय ते आम्हाला कळलं. नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही, एवढंच.

आणि मग नाताळच्या सुट्टीतली ती संध्याकाळ. मी किटलीतून बाबांना चहा घेऊन सड्यावर गेले तेव्हा होडी पाण्यात होती. धोंड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा मागच्या कडेला, माणसांच्या पाठींमागे टाचा उंचावून उभे होते. त्यांना उत्तरेला बांगडा दिसला होता. ते फडकं उजवीकडे हलवत होते, पण त्यांच्या पुढे डोकी, टोप्या, ओढण्या. होडीतल्यांना ते दिसणार कसे? आणि तेवढ्यात एका धष्टपुष्ट तरुणानं धोंड्याच्या टोकाला जाऊन अंगातला शर्ट काढला, होडीकडे बघून आरोळी ठोकली आणि शर्ट डोक्यावर गरगर फिरवायला लागला.

होडी थांबली. होडीतल्यांनी जाळं सोडायला सुरुवात केली.

त्यांची काय चूक? धोंड्यावर पुढे उभी आकृती, डोक्यावर फिरणारं फडकं. त्यांच्या आज्या-पणज्यांनी हेच बघून जाळी सोडली होती. बाबा ओरडत होते, "सोडू नको रेऽ, खडप आसा खाली, सोडू नको!" वारा समुद्रावरून येत होता, त्यांचा आवाज आमच्याच घराकडे गेला. मी माणसांना ढकलत पुढे गेले आणि त्या तरुणाच्या हातातला शर्ट हिसकला. तो चकित झाला. "मॅडम, प्रॉब्लेम काय आहे? आम्ही फक्त बाय करत होतो." त्याच्याबरोबरच्या मुली हसत होत्या. मी शर्ट सड्यावरून खाली भिरकावला. ती त्या दिवसातली एकच गोष्ट माझ्या मनासारखी झाली.

खाली दोन्ही दोरांना माणसं लागली. ओढता ओढता अंधारून आलं. जाळं खडपाच्या, पाण्याखालच्या खडकांच्या, दातांत अडकलं आणि फाटत फाटत वर आलं. त्यात काय, तर शेवाळ आणि अंगाला लागले की आग होते असे पिलपिलीत पांढरे झार. टोपल्या घेऊन बसलेल्या बाया तशाच उठून घरी गेल्या. बाबांनी खाली येऊन दोराला हात लावला तेव्हा एकानं तो दोर त्यांच्या हातातून काढून घेतला. शिवी दिली असती तरी चाललं असतं. दोर काढून घेतलेला मी पाहिला, आणि तेव्हाच समजले की आता बाबांची जागा जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापणीच्या मांगरात, जाळी ठेवायच्या झोपडीत, सगळे जमले. मी दारात उभी राहिले. झालं ते काय, यावर वाद नव्हताच. शर्टाची गोष्ट एव्हाना घरोघरी झाली होती. बाबांनी एकच मागणं केलं. "होडी परत येयसर धोंडो मोकळो ठेवा. मगे काय ती जत्रा भरवा."

मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. यानं माडीवरच्या खोलीला पर्यटकांसाठी रंग दिलाय. याची छोटी होडी डॉल्फिन दाखवायला जाते. याची बायको काकाच्या खोल्यांतल्या माणसांना जेवण करून देते. रापणीत सगळ्यांचा वाटा होता, पण फळ्यातही आता बहुतेकांचा वाटा झाला होता, आणि हे ज्याचं त्याला माहीत होतं.

काका उभा राहिला. "पॉइंट असो आसा," म्हणाला, "की होडी जाता संध्याकाळची, आणि सूर्य पण बुडता संध्याकाळचोच. सूर्याक काय सकाळी बुडाक सांगूया?"

हसले. माझ्या बापाच्या समोर हसले.

"तेचो पॉइंट बरोबर आसा," कोणीतरी म्हणालं. "पण दादाचो पण पॉइंट आसाच," दुसरा म्हणाला. मग पॉइंटांचा नुसता पाऊस पडला. याचा पॉइंट, त्याचा पॉइंट. भांडायची लाज वाटली की माणसं असा परका शब्द मध्ये धरतात. मुद्दा म्हटलं की तो खोडावा लागतो. पॉइंट नुसता 'बरोबर आसा' म्हणून बाजूला ठेवता येतो.

माझ्यानं राहवलं नाही. मी दारातून म्हटलं, "फळो काढा. सड्यार दुसरी जागा नाय काय? थंय लावा."

"बाय, तू मास्तरीण," एकजण म्हणाला. "ह्यात तुजो काय पॉइंट?"

"शिरा पडो तुमच्या तोंडार," मी म्हटलं. शिक्षिकेला न शोभणारं बोलले आणि त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

शेवटी रापणीतला सगळ्यात जाणता माणूस बोलला. त्यानं बाबांकडे न बघता निवाडा केला. आता धोंड्यावर गर्दी असते, तिथला इशारा खरा की खोटा ते होडीला कळायचं नाही. म्हणून इशारा नकोच. यापुढे होडीतल्यांनी अंदाजानं जाळं मारायचं. "तू पण खूप वर्सां केलंस," तो बाबांना म्हणाला, "आता आराम कर."

"अंदाजान?" बाबांनी विचारलं. खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी त्याची घडी केली आणि खिशात घातली.

काका आमच्या मागोमाग घरी आला. त्याला वाईट वाटत होतं, हे मी कबूल करते, आणि म्हणूनच तो मला जास्त असह्य झाला. म्हणाला, "दादा, माजा आयक. पॉइंटार कोणतरी म्हायती सांगणारो व्हयो. ह्यो समुद्र, ते खडप, हय पयली रापण कशी होती. तू बस थंय. खुर्ची देतंय." आईनं आतून भांडं आपटलं. खुर्ची मात्र दुसऱ्या दिवशी सड्यावर आली. प्लास्टिकची, लाल.

महिनाभर बाबा सड्याकडे फिरकले नाहीत. माडांना पाणी घातलं, कुंपण बांधलं, ओटीवर बसून आईशी नको तिथे वाद घातले. रापण अंदाजानं चालू होती. कधी टोपलीभर मिळायचं, कधी तेही नाही. माझ्या कानावर आलं की मला बरं वाटायचं. दुसऱ्याच्या नुकसानात बरं वाटणं वाईट, असं मी मुलांना शिकवते.

मग एका रविवारी दुपारी चहा झाल्यावर बाबा उठले आणि चपला घालून सड्याची वाट चालू लागले. मी मागोमाग गेले. धोंड्यावर एक कुटुंब आधीच येऊन थांबलं होतं, नवरा-बायको आणि एक म्हातारी. सूर्य अजून बराच वर होता. बाबा खुर्चीत बसले नाहीत. धोंड्याच्या कडेला, पूर्वी आम्ही बसायचो तिथे बसले. मी शेजारी बसले. खाली वाळूवर होडी तयार होती. जाळं भरलेलं, माणसं सावलीला बसून विड्या ओढत होती. त्यांच्यात काकाही होता, वाटा त्याचाही होताच.

मला ते बाबांच्या नंतर दिसलं. आधी बाबांचा श्वास थांबलेला कळला. समोर थोडं उत्तरेला पाण्याचा एक मोठा पट्टा काळा पडला होता आणि हलत होता. बांगड्याचा थवा. लहानपणापासून बाबांशेजारी बसून मी तो कितीदा पाहिला होता, पण एवढा मोठा कधीच नाही. किनाऱ्याच्या इतका जवळ, की एका जाळ्यात सगळ्या गावाचं भागलं असतं.

"बाबा," मी म्हटलं, "सांगा मा त्यांका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात खिशाकडे गेला, तिथेच थांबला. खाली कोणीतरी विडी विझवून दुसरी पेटवली. मला आधी आनंद झाला. चांगला नव्हे, विषारी आनंद. बसा मेल्यांनो अंदाज लावत, असं मनात आलं. मी तोंड उघडलं नाही. तोंड उघडायचा हक्क बाबांचा होता.

धोंड्याच्या टोकाला उभ्या असलेल्या त्या बाईनं डोळ्यांवर हात धरला आणि मागे वळून विचारलं, "काका, तिथे पाण्यात काळं काळं काय दिसतंय हो? काही आहे का?"

समुद्राबद्दल कोणी विचारलं आणि बाबांनी खरं सांगितलं नाही, असं मी कधी ऐकलं नव्हतं. लहान मुलानं विचारलं तरी ते पाण्याकडे बोट करून नीट सांगायचे. आता त्यांनी त्या पट्ट्याकडे डोळे भरून पाहिलं आणि शुद्ध मराठीत, एकही अक्षर न अडखळता उत्तर दिलं.

"काही नाही. ढगाची सावली आहे."

बाईनं बरं म्हणून मान हलवली. आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत निरभ्र होतं.